पान यंत्राखाली जाण्याआधी आणि नंतर

(दृश्य: ग्रंथालयातली स्कॅनिंगची खोली. पडदे ओढलेले. यंत्रावर उघडलेलं जुनं पुस्तक.)

झेरॉक्सच्या दुकानात पुस्तक पालथं घालून वरून झाकण दाबतात. शंभर वर्षांच्या पुस्तकाला ते सोसत नाही, शिवण उसवते आणि पाठ मोडते. म्हणून इथे पुस्तक उताणं ठेवतात, व्ही आकाराच्या पाळण्यात, अर्धवट उघडं. वरून काच अलगद खाली येते, पानं सपाट होतात आणि दोन कॅमेरे डावं-उजवं पान एकदमच टिपतात. काच वर. पान उलटा. काच खाली. आपोआप पानं उलटणारी यंत्रंही मिळतात, पण कडक झालेल्या कागदाला ती न लावलेलीच बरी.

(दृश्य: तपकिरी पडलेल्या पानाचा कोपरा, अगदी जवळून.)

हा कागद असा का झाला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. त्यातून आम्ल तयार होतं, कागद पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि शेवटी कोपरा नुसता दुमडला तरी तुकडा हातात येतो. गंमत म्हणजे त्याच्याही आधीच्या, हातकागदावरच्या पोथ्या कित्येकदा जास्त ठणठणीत निघतात. पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. मराठी वाचनालयं वाढली तीच मुळी या कागदाच्या काळात.

स्कॅनिंगआधी पुस्तक मऊ ब्रशने झाडतात. कसर, वाळवीची माती, कुणीतरी खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट, सगळं बाहेर येतं. दुमडलेले कोपरे एकेक करून उलगडायचे, कारण कोपऱ्याखाली दडलेली ओळ कॅमेऱ्याला दिसत नाही. खरा वैताग बाइंडिंगचा. पूर्वी कुणी पुस्तक पुन्हा बांधताना कडा कापल्या असतील आणि समास शिवणीत घेतला असेल, तर ओळीची शेवटची अक्षरं खाचेत जातात. तिथे यंत्र कितीही महागाचं असो, उपयोग नाही.

ए-फोर एवढं रंगीत पान 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबाने घेतलं आणि फाइल लहान न करता साठवलं, तर एका पानाला सुमारे 26 एमबी लागतात. तीनशे पानांना जवळपास 8 जीबी. ही मूळ प्रत जपून ठेवायची. आपण मोबाइलवर उघडतो ती पीडीएफ तिच्यावरून काढलेली, हलकी.

(दृश्य: संगणकाचा पडदा. डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे ओळखलेला मजकूर.)

आता ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं. छपाईचे खिळे झिजलेले, शिरोरेषा तुटलेली. मग 'रवाना' झालेला माणूस 'खाना' होतो. शिवाय 1962 च्या लेखननियमांआधीची पुस्तकं 'नाहीं' आणि 'कांहीं' अशी अनुस्वारांनी भरलेली. आजच्या पद्धतीने 'काही' टाइप करून शोधलं, तर साधा शोध त्या पानापाशी पोचतच नाही.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त पुस्तकं हरवतात ती नोंदीत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकं स्कॅन झाली. काम मोठंच. पण नावं रोमन लिपीत, ज्याला जसं सुचलं तशा स्पेलिंगने भरलेली. पुस्तक जालावर आहे आणि सापडत नाही! त्यात मुखपृष्ठावर शके 1805 छापलेलं असलं की नोंदीत इसवी सन 1805 पडायला वेळ लागत नाही. वास्तविक शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1883. एका आकड्याने पुस्तक पाऊण शतक मागे जातं. आणि 1805 हे तर मिशनरी विल्यम केरीच्या मराठी व्याकरणाचं, म्हणजे मराठी छपाईच्या अगदी पहाटेचं साल. अभ्यासक किती आशेने ती फाइल उघडत असेल!

सालाचा संबंध कायद्याशीही आहे. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 1965 साली वारलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2026 ला मुक्त झालं. तोवर स्कॅन असला तरी जालावर टाकता येत नाही.

(दृश्य: लाल कापडाचा रुमाल सुटतो. आत मोडी कागदांच्या घड्या.)

हस्तलिखित कागदांची गोष्ट आणखी बिकट. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात, मग तिला लटकून अक्षरं लिहितात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. तारीख असते 'इहिदे सितैन मया व अलफ' अशी. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर या जुन्या कालगणनेतलं सन 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1760-61. पानिपतचं वर्ष. कॅमेऱ्याने हा कागद काही सेकंदांत टिपला. फाइलचं नाव मात्र मोडी वाचणारं माणूस शेजारी येऊन बसेपर्यंत नुसता अनुक्रमांकच राहतं.