कॅरोलिना मारिन ओरडून जिंकली का?

नमस्कार मंडळी. स्पेनच्या पदकविजेत्या खेळाडूंवर एक व्हिडिओ करा, अशी मागणी आपल्या वाहिनीवर बरेच दिवस होत आहे. त्या मागणीखाली सर्वाधिक वेळा नदालचे नाव येते. त्याच्यावर मराठीत भरपूर बोलून झाले आहे, त्यामुळे त्याला आज विश्रांती देऊ. सायकलपटू मिगेल इंदुराइन आणि जलतरणपटू मिरेया बेलमोन्ते यांच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करीन. आज मात्र एकाच खेळाडूबद्दल बोलायचे आहे, कारण तिचे नाव घेतले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "तीच ना ती, ओरडून ओरडून सिंधूचे सुवर्ण हिसकावणारी?"

होय, तीच. कॅरोलिना मारिन.

प्राथमिक माहिती झटपट उरकतो. जन्म १५ जून १९९३ रोजी, स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतातल्या उएल्वा या शहरात. लहानपणी ती फ्लामेंको नृत्य शिकत होती, आठव्या वर्षाच्या सुमारास बॅडमिंटनकडे वळली आणि चौदाव्या वर्षी घर सोडून माद्रिदच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षक फर्नांदो रिवास यांच्याकडे दाखल झाली. २०१४, २०१५ आणि २०१८ या तीन वर्षी विश्वविजेतेपद, २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिक सुवर्ण आणि २०१४ ते २०२४ या काळात आठ वेळा युरोपीय विजेतेपद. ही यादी तुम्हाला कोठेही मिळेल.

यादीत न दिसणारी गोष्ट अशी, की तिच्या देशात या खेळाला फारशी ओळखच नव्हती. या खेळाचे सुरुवातीचे नियम आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत घडले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रत्येक बॅडमिंटनच्या व्हिडिओखाली कोणी ना कोणी पुणेकर त्याची आठवण करून देतोच, म्हणून या वेळी मीच आधी सांगून टाकतो. याउलट उएल्वाची ओळख स्पेनमधील सर्वांत जुन्या फुटबॉल क्लबचे शहर अशी आहे. बॅडमिंटन पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये आला तोही स्पेनमध्येच, १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेत, पण तेव्हापासून २०१२ पर्यंत महिला एकेरीचे प्रत्येक सुवर्ण इंडोनेशिया, दक्षिण कोरिया किंवा चीनकडे गेले. जागतिक स्पर्धेत तिच्या आधी युरोपच्या दोनच महिलांनी एकेरी जिंकली होती, १९७७ मध्ये लेने कोप्पेन आणि १९९९ मध्ये कॅमिला मार्टिन, आणि त्या दोघीही डेन्मार्कच्या, म्हणजे बॅडमिंटनची जुनी परंपरा असलेल्या देशाच्या. असे असताना २०१४ मध्ये कोपनहेगनला एकवीस वर्षांची ही मुलगी तत्कालीन ऑलिंपिक विजेत्या ली शुएरुईला १७-२१, २१-१७, २१-१८ असे हरवते, तेव्हा त्याचे श्रेय घशाला देणे मला तरी पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. मारिनचे खरे हत्यार वेळ हे आहे. रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून गुण संपेपर्यंतची फटक्यांची देवाणघेवाण, चालू असताना ती प्रतिस्पर्ध्याचा वेळ कमी करते आणि दोन रॅलींच्या मध्ये स्वतःचा वेळ वाढवते. ओरडणे हा त्याचा ऐकू येणारा भाग आहे, आणि दूरचित्रवाणीवर तोच सर्वांत मोठा वाटत असल्यामुळे आपण बाकीचे पाहत नाही.

आधी रॅलीतला वेळ पाहू. (पडद्यावर कोर्टाची आकृती.) मारिन डावखुरी आहे. दोन उजव्या हाताचे खेळाडू समोरासमोर असतील, तर फोरहँडच्या, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूच्या, कोपऱ्यातून सरळ मारलेला स्मॅश (वरून खाली जोरात मारलेला फटका) समोरच्याच्या बॅकहँडला, म्हणजे रॅकेट नसलेल्या बाजूला, जातो आणि तिरका मारलेला फोरहँडला. डावखुऱ्याच्या बाबतीत हे नेमके उलटे होते: तिचा सरळ स्मॅश सिंधूच्या फोरहँडला येतो आणि तिरका स्मॅश बॅकहँडला, शरीरापासून दूर पळत जातो. आमच्या सकाळच्या गटात एक निवृत्त काका डावखुरे आहेत. वय सत्तरीच्या पुढे, पळणे जवळजवळ बंद, तरीही एकेरीत त्यांच्यासमोर उभे राहायला तरुण मंडळी टाळाटाळ करतात, कारण वर्षानुवर्षे पायांना लागलेली सवय प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला पहिले पाऊल टाकायला लावते. शटलच्या सोळा पिसांचाही यात वाटा आहे. ती सगळी एकाच दिशेने एकमेकांवर चढवलेली असल्यामुळे शटल हवेत एकाच बाजूने फिरते, आणि रॅकेट तिरपी करून कापलेला डाव्या हाताचा फटका उजव्या हाताच्या फटक्यासारखा वागत नाही.

"म्हणजे डावखुरी असल्यामुळेच जिंकली ना?" असे लगेच लिहू नका. डावखुरे खेळाडू पुष्कळ आहेत. मारिन शटल खाली येण्याची वाट न पाहता वरच्यावर, लवकर घेते, आणि त्यासाठी फटका मारून झाल्याबरोबर तिचे पाय पुढच्या जागेकडे निघालेले असतात. सिंधू तिच्यापेक्षा बरीच उंच आहे. एखादे पाऊल कमी पडले तरी तिचा हात शटलपर्यंत पोहोचतो. ज्या फटक्यासाठी तिला नेहमी पूर्ण दोन पावले टाकायला मिळतात, तिथे मारिन दीड पावलाचाच अवकाश देते, आणि उरलेले अर्धे पाऊल हाताने भरून काढताना फटका सैल पडतो.

आता दोन रॅलींमधला वेळ, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नियम असा आहे, की खेळ सलग चालला पाहिजे. गेममध्ये एका बाजूचे ११ गुण झाले की जास्तीत जास्त ६० सेकंदांची आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटांची विश्रांती मिळते. दम परत मिळवण्यासाठी खेळ लांबवता येत नाही आणि विलंब झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त पंचाचा असतो. मात्र रॅली संपल्यापासून पुढच्या सर्व्हिसपर्यंत किती सेकंद घ्यावेत, याचा आकडा पारंपरिक नियमांत दिलेला नाही. मारिन याच मोकळ्या जागेत राहते. गुण संपला की ती नेटकडे पाठ करते, मागच्या रेषेपर्यंत चालत जाते, शटल बदलून मागते, घाम पुसते, आणि स्वतःची तयारी झाल्यावरच परत वळते. समोरचा खेळाडू तोपर्यंत उभा असतो. हे नियमांच्या काठावरचे वागणे आहे, हे मी नाकारत नाही. पंचांनी तिला अनेकदा टोकले आहे. २०२३ च्या डेन्मार्क ओपनच्या उपांत्य सामन्यात तर ती आणि सिंधू यांच्यात जुंपली आणि पंचांनी दोघींनाही पिवळे कार्ड दाखवले. तो सामना मारिनने २१-१८, १९-२१, २१-७ असा जिंकला. त्याखाली आलेल्या प्रतिक्रियांपैकी निम्म्या मला वाचून दाखवता येणार नाहीत.

हीच गोष्ट आता गुणफलकावरून तपासू. १९ ऑगस्ट २०१६, रिओचा अंतिम सामना. पहिल्या गेममध्ये मारिन १९-१६ अशी पुढे होती आणि ओरडतही होती. सिंधूने सलग पाच गुण घेऊन तो गेम २१-१९ असा जिंकला. आरडाओरडा तोच, आवाज तेवढाच, निकाल मात्र सिंधूच्या बाजूने. दुसऱ्या गेमला मारिनने आपला वेग आणखी वाढवला, मध्यंतरालाच ११-२ अशी आघाडी घेतली आणि गेम २१-१२ ने घेतला. तिसऱ्यात सिंधूने १०-१० अशी बरोबरी साधली. मला त्या सामन्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, कारण तिथून पुढे मारिनने रॅली लांबू दिल्या नाहीत. सिंधू मागच्या कोपऱ्यातून परतण्याआधी पुढचे शटल नेटजवळ पडलेले असायचे. २१-१५. सामना संपल्यावर मारिन कोर्टवर रडत पडली होती, तेव्हा सिंधू नेटपलीकडे गेली, तिला मिठी मारली आणि तिची पडलेली रॅकेट उचलून जागेवर ठेवली. दहा वर्षे भांडणाऱ्या चाहत्यांनी ती काही सेकंदे पुन्हा पाहावीत.

त्यानंतर काय झाले, तेही पाहा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुबईला सिंधूने तिला दोन सरळ गेममध्ये हरवले. एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीत इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात पुन्हा हरवले, २१-१९, २१-१६. मारिन तेव्हा काही मौनव्रतात नव्हती. मग २०१८ च्या नानजिंगच्या विश्वस्पर्धेत अंतिम सामना मारिनकडे गेला, २१-१९, २१-१०, आणि महिला एकेरीत तीन विश्वविजेतेपदे मिळवणारी ती पहिली खेळाडू ठरली. ओरडणे जर कारण असते, तर निकाल असे इकडून तिकडे का गेले असते?

तिसरी बाजू ऐका, म्हणजे हा विषय माझ्यापुरता मिटेल. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे बँकॉकच्या स्पर्धा प्रेक्षकांविना झाल्या. चेतवायला समोर गर्दी नव्हती, तरी मारिन तशीच ओरडत होती, आणि लागोपाठच्या दोन स्पर्धांत अंतिम सामन्यात तिने तैवानच्या ताइ त्झू-यिंगला हरवले. त्यानंतर लगेच, लांबणीवर पडून त्याच महिन्यात झालेल्या २०२० च्या वर्षअखेरच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच ताइने तिला तीन गेममध्ये हरवले. रिकाम्या सभागृहातली ती आरोळी प्रामुख्याने स्वतःसाठी होती: मागचा गुण संपला, पुढचा सुरू झाला, एवढेच सांगणारी. ती तुम्हाला कर्कश वाटत असेल तर आवाज बंद करून सामना पाहा; मी विश्लेषण करताना बहुधा तसेच पाहतो, आणि पाय जास्त चांगले दिसतात.

तुम्ही वारंवार विचारता तो दुसरा प्रश्न तिच्या गुडघ्यांचा. बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन डोक्यावरून फटका मारला, की शरीर बाहेर झुकते आणि सगळे वजन एका पायावर उतरते. उजव्या हाताच्या खेळाडूचा तो डावा पाय असतो, डावखुऱ्याचा उजवा. लवकर शटल घेण्यासाठी जो वेग लागतो, तोच वेग त्या क्षणी गुडघ्याच्या आत असलेल्या अस्थिबंधावर येतो. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात साईना नेहवालविरुद्ध १०-४ अशी पुढे असताना मारिनचा उजवा गुडघा गेला. सप्टेंबरमध्ये ती परतली आणि चायना ओपन जिंकून मोकळी झाली. २०२१ मध्ये डावा गुडघा गेला आणि टोकियो ऑलिंपिक हुकले. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत चीनच्या बिंगजियाओविरुद्ध पहिला गेम २१-१४ असा जिंकून दुसऱ्यात १०-६ अशी आघाडी असताना पुन्हा उजवा. गुडघ्याला आधारपट्टा बांधून ती परत उभी राहिली, दोन गुण गमावले आणि सामना सोडला. दुसऱ्या दिवशी रौप्यपदक घेताना बिंगजियाओने हातात स्पेनचा छोटा बिल्ला धरला होता.

त्या दिवशी माझ्या वाहिनीवर "सिंधूचे शाप लागले" अशा प्रतिक्रिया आल्या. मी त्या काढून टाकल्या आणि पुढेही काढीन. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मोडल्यावर आनंद होत असेल, तर आपण खेळ पाहत नाही आहोत. ज्यांना नियतीचा हिशेब लावायचाच असेल त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की रिओच्या उपांत्य फेरीत मारिनसमोर ली शुएरुई होती, त्या सामन्यात लीचा गुडघा दुखावला आणि तिला कांस्यपदकाची लढतही खेळता आली नाही. त्यात मारिनचा काय दोष होता? हा खेळ गुडघे मागतो, आणि कोणाचे कधी मागेल हे कोणाच्या चाहत्यांना विचारून ठरत नाही. २०२४ मध्ये स्पेनने तिला प्रिन्सेस ऑफ आस्तुरियास हा क्रीडा पुरस्कार दिला. उएल्वातल्या क्रीडा संकुलाला तिचे नाव आधीच दिलेले आहे.

शेवटी, "नेमका कोणता सामना पाहू?" असे विचारणाऱ्यांसाठी. रिओ तुम्ही पाहिला आहे, आणि त्यात तुमचे मन सिंधूकडे ओढले जाणारच, त्यामुळे तो बाजूला ठेवा. २०१५ चा जाकार्तातला विश्वस्पर्धेचा अंतिम सामनाही साईनामुळे तसाच होईल. सप्टेंबर २०१९ चा चायना ओपनचा अंतिम सामना काढा, मारिन विरुद्ध ताइ त्झू-यिंग, १४-२१, २१-१७, २१-१८. नजर शटलवर ठेवू नका. प्रत्येक गुण संपल्यावर मारिन कोठे चालत जाते आणि ताइला किती वेळ उभे ठेवते, ते पाहा. तिसऱ्या गेमच्या उत्तरार्धात तुम्हाला काय दिसले, ते खाली लिहा. इंदुराइनच्या व्हिडिओआधी मी त्यावरच्या प्रतिक्रिया वाचणार आहे.