उद्घाटनाची बातमी कुणी वाचत नाही
(लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीची पानं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून तिथे रोज येणाऱ्या एका कागदापासूनच सुरुवात करतो. प्रेसनोट. ‘अमुक मसाले उद्योगाचं उद्घाटन तमुक साहेबांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झालं. यावेळी पुढील मान्यवर उपस्थित होते.’ खाली नावांची ही रांग. मसाला कसला, मिळतो कुठे, भाव काय, याचा पत्ता नाही. मालकीणबाई सापडतात त्या थेट शेवटच्या ओळीत, आभार मानताना. जागा उरली तर आम्ही यातल्या चार ओळी घ्यायचो आणि त्यात नाव राहायचं साहेबांचं, कारण तुम्हीच ते सगळ्यात वर लिहिलेलं असायचं.

खरं तर त्या बाईंकडे बातमी होती. उन्हाळा लागला की घरोघर वर्षाचं तिखट करायची घाई उडते. रंगासाठी बेडगी किती घ्यायची, झणझणीतपणासाठी लवंगी किती, यंदा मिरचीचा भाव कुठे गेलाय, डंकावर कांडलेलं आणि चक्कीत दळलेलं यांत काय फरक पडतो, हे तिला तोंडपाठ. पुरवणी बघणारी मंडळी नेमकी त्याच दिवसांत असल्या मजकुराच्या शोधात असतात. तिने मार्चमध्येच एखाद्या वार्ताहराला फोन करून ‘यंदा मिरचीचं असं झालंय’ एवढं सांगितलं असतं, तर अर्धं पान तिच्याशी बोलून झालं असतं. फोटोसकट. तुम्हाला स्वतःच्या धंद्याबद्दल छापून हवं असतं आणि वाचकाला स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल वाचायचं असतं. या दोन्हींची गाठ जिथे पडते, ती जागा तुम्हीच शोधायची. राखी करणाऱ्यांनी श्रावणाची वाट बघत बसू नये. फराळवाल्यांनी गणपती उठले की बोलायला लागावं.

आता थोडी कारागिरी. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उघडणाऱ्या टायपात पाठवा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून आणलेला मजकूर समोरच्याच्या संगणकावर उघडला की नुसत्या चिन्हांचा चिखल दिसतो, आणि तो पुन्हा टाइप करायला कुणाला वेळ नसतो. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर बारीक होऊन जातो, छापायला कामाचा राहत नाही. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोत काम करणारे हात दिसू देत. हार घालून ओळीने उभी असलेली माणसं आमच्याकडे पोत्याने असतात. संध्याकाळी सहानंतर डेस्कवर फोन करू नका, तेव्हा पानं छपाईला सोडायची धांदल असते. आणि कृपा करून ‘बातमीचे किती घ्याल?’ असं विचारू नका. चौरस सेंटिमीटरवर दर लागतो तो जाहिरातीला. पैसे द्यायचेच तर उघड जाहिरात द्या, पावती घ्या.

पण समजा, आली बातमी. पुढे काय? हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिलं, कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच भागाचा अशी सरकारी नोंद, मिळालेलं आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. एवढी प्रसिद्धी पैसे मोजून कुणालाही घेता आली नसती. त्या लाटेवर काही ऑनलाइन विक्रेत्यांनी लगोलग जाहिराती केल्या आणि त्यांची विक्री वाढली. ज्या कारागिराचा ना फोटो मोबाइलवर सापडतो, ना नंबर, त्याच्या दारात त्या आठवड्यात कोण येणार होतं?

म्हणून गूगलवर आपल्या दुकानाची नोंद आधी करून ठेवा. फुकट आहे. नाव मराठीतही लिहा, वेळा खऱ्या लिहा, अमावास्येला बंद असाल तर तेही लिहा. बातमी वाचून माणूस पहिल्यांदा तिथेच जातो. व्हॉट्सअॅपचं व्यवसायासाठीचं अॅप 2018 मध्ये आलं, त्यात मालाची यादी किमतीसकट लावता येते. ब्रॉडकास्टचं एक लक्षात घ्या, तुमचा नंबर ज्याने जतन केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. तेव्हा माल देतानाच ‘नंबर सेव्ह करा, नवा घाणा निघाला की कळवते’ असं म्हणा. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्राखाली लोणच्याचा दर टाकणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, ते इथेही बसले असतील.

आपलं माध्यम आपण चालवायचं, ही कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होत होते, ते शेतकऱ्याच्या गळी उतरवायचे होते. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. पुढे त्यात लोकांना वाचावंसं वाटेल असं इतकं काही येऊ लागलं की 1929 पासून त्याच्या नावातली ‘खबर’ गळली आणि ते घराघरांतलं मासिक झालं. तुमच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर दहातल्या दहा गोष्टी ‘घ्या, घ्या’ अशाच असतील, तर एकदा त्या मासिकाची आठवण काढा.

रीलवाल्यांचं विचाराल तर जपून. लाखभर फॉलोअर असलेला मुंबईचा मुलगा तुमची मिसळ खाऊन जाईल, पण त्याला बघणाऱ्यांपैकी ईश्वरपूरला, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरला, नाश्त्याला येणारे किती? त्यापेक्षा तालुक्यात फिरणारा, पाचेक हजारांचाच पण इथलाच मुलगा बरा. पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर बघणाऱ्याला दिसेल असं ‘जाहिरात’ त्याला लिहायला लावा. जाहिरात मानक परिषद या जाहिरात क्षेत्राच्याच नियामक संस्थेचा 2021 पासून तसा दंडक आहे.

आणि नाचणीच्या पिठाने मधुमेह बरा होतो, असं पाकिटावर, रीलमध्ये, प्रेसनोटमध्ये, कुठेही लिहू नका. 1954 च्या कायद्याने अशा आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरातच बंद केली आहे. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्याच वेळी 10 लाखांपर्यंत दंडाची सोय आहे. पीठ चांगलं असेल तर त्याच्या भाकरीबद्दल लिहा.