फोंड्यातला क्लेचा गट

श्रोतेहो, नमस्कार.

फोंड्यात पॉलिमर क्लेचं काम करणाऱ्या आम्हां मंडळींचा एक गट आहे. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. कुणाच्या तरी बाल्कावावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, चटया अंथरायच्या आणि बसायचं. बायका जास्त, पुरुष थोडे, आणि सुट्टी असली की मागे मागे येणारी मुलं.

क्ले म्हटलं की ऐकणाऱ्याला माती वाटते. ही माती नव्हे. नळाचे पाइप ज्याचे होतात ते पीव्हीसी, त्याची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग, एवढंच यात असतं. पाणी नसल्यामुळे ती हवेत सुकत नाही, भट्टीतच पक्की होते. पहिल्यांदा तिचा उपयोग झाला तो जर्मनीत, बाहुल्या करणाऱ्या केटे क्रूझ यांच्या घरात. त्यांच्या मुलीच्या खटपटीतून आजची फिमो नावाची क्ले आली. अमेरिकेतल्या स्कल्पी या क्लेची गोष्ट तर त्याहून गमतीची. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढायला म्हणून केलेलं ते मिश्रण, त्या कामी लागलं नाही आणि दागिने करणाऱ्यांच्या हाती आलं.

आपल्या गोव्यात हिचा खरा हंगाम पावसाळा. कॉर्नफ्लॉवर आणि फेव्हिकॉल मळून घरी जी क्ले करतात, तिची फुलं जुलैत दमट होतात, पांढरी बुरशी धरतात. पॉलिमर क्लेला दमटपणाचं काही वाटत नाही. तिचा वैरी मे महिना. तेव्हा ती हाताला चिकटते आणि पातं लावलं की नक्षी फरफटत जाते.

आमचा ओव्हन वर्गणीतून घेतलेला. एका घरी तो कायमचा ठेवलाय आणि त्यात केक, बिस्किटं काही भाजायचं नाही असा नियम आहे. फिमोला 110 अंश आणि अर्धा तास लागतो, स्कल्पीच्या प्रीमोला 130. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. आत एक वेगळं थर्मामीटर ठेवावं, दोन आकड्यांमधला फरक बघून डोळे उघडतात. उष्णता फार वाढली तर क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर सुटतो. तसं झालं तर ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि सरळ बाहेर जायचं. उलट, कमी भाजलेलं कानातलं वरून छान दिसतं आणि वाकवलं की कटकन मोडतं. भाजता भाजता वीज गेली, आणि पावसात ती जातेच, तर घाबरायचं कारण नाही. वीज आली की पुन्हा भाजायचं. ही क्ले कितीदाही भट्टीत जाऊ शकते.

आता केन. आमच्या कामाचा जीव तिच्यात आहे. रंगांच्या पट्ट्या आणि कांड्या अशा रचायच्या की एक जाड दांडा होतो आणि कुठंही कापला तरी आत तीच नक्षी निघते. ही युक्ती मूळ काचकामाची. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजू लाद्या दिसतात ना, तशी लादी आम्ही करतो. पूर्ण लादी रचायला जाऊ नये, पाव भागच रचावा. पाकळीचा अर्धा, कोपऱ्यातली वेलबुट्टी, कडेला गडद निळी रेघ. निळ्याचा पांढऱ्यात विरत जाणारा पट्टा हवा असेल तर दोन रंगांचे त्रिकोण जोडून, दरवेळी त्याच दिशेनं घडी घालत, पास्ता मशीनमधून लाटत वीसेक वेळा काढायचे. मग तो पाव दांडा चारी बाजूंनी हळूहळू दाबून लांब करायचा, त्याचे चार तुकडे करायचे आणि कोपरे मधोमध आणून जोडायचे. अख्खी लादी समोर उभी राहते. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून पात्यानं पातळ चकत्या काढल्या, की त्या बघायला सगळी चटई उठून येते.

एका दांड्याच्या एवढ्या चकत्या निघतात की एकटीनं त्या वापरणं होत नाही. महिनाभर तीच नक्षी करून माणूस कंटाळतो. म्हणून आम्ही केन वाटून घेतो. कुणी अबोलीची आणते, कुणी लादीची, कुणी कुणबी कापडाच्या लाल चौकटीची. प्रत्येकीनं आपली कापायची आणि इतरांच्या घेऊन जायच्या. माझ्या मते गटाची गरज आहे ती यासाठीच. शिकायचं म्हटलं तर मोबाइलवरही शिकता येतं.

गणेश चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीचं, काम निघतं. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, कवंडळं, सगळं नखाएवढं. खऱ्या माटोळीला केवणीचा दोर लागतो, आमच्या या माटोळीला शिवणाचा दोरा पुरतो. फळाची खडबडीत साल हवी असेल तर जुन्या टूथब्रशनं टोचावं, हुबेहूब उठते.

गणपती मात्र आम्ही करत नाही. ही वस्तू पाण्यात विरघळत नाही, विसर्जनानंतर ओहोळात तशीच पडून राहणार. मूर्ती चित्रशाळेतून, चिकणमातीचीच आणावी. जत्रेत, प्रदर्शनात लोक विचारतात, ‘‘बाई, हे प्लॅस्टिकच ना?’’ आम्ही हो म्हणतो. काही ठिकाणी याच वस्तूंवर ‘पर्यावरणपूरक माती’ अशी चिठ्ठी लावलेली दिसते, ते मला पटत नाही. टिकाऊ आहे, हलकं आहे, हातानं केलेलं आहे, एवढं सांगितलं तरी घेणारा घेतो.

कुणाला यायचं असेल तर गुळगुळीत लादीचा तुकडा, एक धारदार पातं आणि ओले टिश्यू घेऊन या. कच्ची क्ले थर्माकोलच्या डब्यात ठेवू नका, ती डब्याला खाते आणि चिकटून बसते. काचेची बरणी उत्तम. कपडे शक्यतो फिके घाला, गडद कपड्याचे धागे पांढऱ्या क्लेवर लगेच उमटतात. आणि पाकिटं घेताना पांढरा रंग दुप्पट घ्या, सगळ्यांत आधी तोच संपतो.

नमस्कार.