नळाशी उभा राहिलेला मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

"हात धू, डबा दप्तरात टाक आणि चपला घालून खाली ये." सात वर्षांच्या मुलाला आपण एका दमात तीन कामं सांगतो. तो हात धुतो आणि नळाशीच उभा राहतो. आपण वैतागतो, "ऐकत म्हणून नाही!" त्यात त्याच्या आईला किंवा वडिलांना मानसिक आजार असेल, तर शेजारपाजारी म्हणायला मोकळे: "वळणावर गेलाय."

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अशा मुलांचा मोठा अभ्यास झाला. ५२२ मुलं, सगळी सात वर्षांची. २०२ जणांच्या आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होण्याचा आजार, किंवा त्याच्या जवळचा आजार; १२० जणांच्या घरी बायपोलर, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार; बाकीच्या २०० जणांच्या घरी यातलं काहीच नाही. पहिल्या गटातली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने थोडी मागे होती. बायपोलरच्या घरातली मुलं साधारण इतरांच्या बरोबरीने. वागणुकीच्या आणि भावनिक अडचणी मात्र दोन्ही गटांत जास्त.

मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. त्रास वरून एकसारखा दिसतो, पण मूळ एकच असेल असं नाही. एखाद्याच्या डोक्यातली पाटीच लहान असते. तज्ज्ञ तिला 'कार्यस्मृती' म्हणतात, मला आपली पाटीच बरी वाटते. दुसरं काम लिहिलं की पहिलं पुसलं जातं. दुसऱ्याची पाटी ठीक असते, पण रात्री आई झोपली नाही म्हणून तोही जागा असतो, आणि सकाळी शाळेत कुणाला तरी ढकलतो. दोघांनाही आपण एकच शिक्षा करतो.

आणि "वळणावर गेलाय" म्हणणाऱ्यांसाठी: आई-वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला, तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही.

शंका आली तर जिल्हा रुग्णालयात मुलांच्या वाढीची तपासणी करणारं केंद्र असतं का, ते विचारा. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. शिक्षकांशी बोलताना आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. "त्याला एका वेळी एकच काम सांगा," एवढं सांगितलं तरी चालतं.

घरीही तसंच. हात धुऊन झाले? बरं. आता डबा.