वास येतो आणि वास करतो

श्रोतेहो, नमस्कार.

वास या शब्दाचे मराठीत दोन अर्थ. एक नाकाचा आणि दुसरा राहण्याचा, म्हणजे वनवास, सहवास यांतला. आदल्या रात्री सुके बोंबील भाजलेल्या घरात सकाळी पाऊल टाकलंत, की हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात ते लगेच कळतं. वास यायला क्षण पुरतो. पण आला की मुक्कामच ठोकतो. वासातून काही घडवू पाहणाऱ्यांची खरी डोकेदुखी या मुक्कामाचीच आहे.

सिनेमावाल्यांना ही डोकेदुखी चांगलीच नडली. 1959 साली अमेरिकेत 'अरोमारामा' आलं. थिएटरच्या वातानुकूलन यंत्रातून प्रसंगाप्रमाणे वास सोडायचे, अशी युक्ती. पण आधीचा वास हवेत रेंगाळत असतानाच पुढचा येई आणि सगळ्याची खिचडी होई. 1960 मध्ये 'स्मेल-ओ-व्हिजन'ने खुर्च्यांपर्यंत बारीक नळ्या नेल्या. खुनी कोण, हे पाइपच्या तंबाखूच्या वासावरून ओळखायचं! कल्पना झकास, पण नळ्या फुसफुसायच्या आणि सज्जातल्या लोकांना वास उशिरा पोचायचा. दोन्ही प्रयोग आपटले. दिवा मालवला की प्रकाश जातो, मी बोलायचा थांबलो की माझा आवाज थांबेल. वासाला असं बटण नाही.

पुढच्या कलावंतांनी ते बटणच शोधलं, असं मला वाटतं. सिसेल टोलास ही मूळची नॉर्वेची, बर्लिनमध्ये काम करणारी कलावंत. 2006 साली अमेरिकेत एमआयटीच्या कलादालनात तिने भीतीचा वास मांडला. भीतीच्या विकाराने पछाडलेल्या पुरुषांच्या घामाचे वास तिने प्रयोगशाळेत पुन्हा तयार करवले आणि अतिसूक्ष्म कुप्यांत भरून भिंतीच्या रंगात मिसळले. दालनात दिसायला काहीच नाही. भिंतीला हात घासला की कुप्या फुटायच्या आणि एका अनोळखी माणसाची धास्ती नाकाशी यायची. हात लावायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नेदरलँड्समधल्या द हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयाने 2021 मध्ये जुन्या चित्रांसमोर पायाने दाबायची पेडल बसवली, तीही याच जातीची. दाबलं की त्या काळच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांची घाण हुंगायला मिळायची.

पण वासाला मुठीत ठेवायची कला आपल्याकडे जुनी आहे. आमच्या वाड्यातले एक आजोबा कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया खोचत. दिवसभर शरीराच्या उबेने तो वास जेमतेम हातभर पसरे. तुम्ही जवळ जाऊन बोललात तरच मिळायचा. पेडल नाही, नळी नाही, पण बेत तोच!

हे अत्तर ज्या कन्नौजमधून येतं, तिथला एक प्रकार तर थक्क करणारा आहे. मातीचं अत्तर, म्हणजे पहिल्या पावसाच्या वासाचं. भट्टीत भाजलेल्या मातीच्या चकत्या, खापऱ्या तांब्याच्या देगेत पाण्यासोबत घालतात. झाकण ओल्या मातीने लिंपतात. देगेतून बांबूची नळी निघते, ती भपका नावाच्या तांब्याच्या भांड्यात जाते आणि भपका थंड पाण्याच्या हौदात बसलेला असतो. त्याच्या पोटात चंदनाचं तेल. वाफ त्या तेलात उतरते आणि तेल मातीचा वास धरून ठेवतं. चंदन महागल्यामुळे हल्ली पुष्कळदा पॅराफिन वापरतात. कारागीर अधूनमधून हौदात हात घालून भपका चाचपतो, फार तापला असेल तर देगेखालची आग कमी करतो. थर्मामीटर म्हणजे त्याचा तळहात.

1964 साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात या पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. भारतात हा वास आधीपासूनच अत्तर म्हणून विकला जातो, याची नोंदही त्यांनी केली. आपला 'मृद्गंध' त्याहून गोड शब्द, पण हा पक्षपात झाला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणलेलं एक हस्तलिखित आहे. त्यात गंगाधराचा 'गंधसार' आहे आणि 'गंधवाद' नावाचा ग्रंथही, तोही मराठी टीकेसह. सुगंध सिद्ध करायच्या सहा क्रिया गंधसारात सांगितल्या आहेत. त्यांतल्या एकीचं नाव 'वासन', म्हणजे एका वस्तूत दुसरीचा वास मुरवणं. शब्द पुन्हा तोच, पाहिलंत?

आता सगळ्यांत यशस्वी गंधरचना कुठली म्हणाल, तर ती तुमच्या ओट्याखाली आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन अगदी चिमूटभर मिसळतात. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाच्या नैसर्गिक वायूची गळती कुणालाच कळली नाही. स्फोटात सुमारे 300 जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास लावण्याचा कायदा झाला.

या वासाला कोणी कलाकृती म्हणत नाही. पण तो ठरवून घाणेरडा केलेला आहे, आणि नाकाला जराशी चाहूल लागली तरी माणूस उठून उभा राहतो. सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो, असं घरोघरी म्हणतात, तेही खरं आहे. गॅस आधी उडून जातो, मर्कॅप्टन सावकाश उडतं आणि तळाशी त्याचं प्रमाण वाढत जातं. तरीही 'संपत आला असेल' म्हणून बसून राहू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, आणि दिव्याच्या बटणाला तेवढा हात लावू नका.

नमस्कार.