गावात घर घेऊन राहिले? फक्त नमुना आठ पाहून विसार देऊ नका!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली तुम्ही सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट विचारली आहे. "ताई, गावात घर भेटून राहिलं, आठ नंबर क्लिअर आहे, घेऊ का?" कोणी पुसदवरून विचारते, कोणी मोर्शीवरून, कोणी भंडाऱ्याकडून, पण वाक्य तेच, आठ नंबर, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, क्लिअर आहे. म्हणून आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलं.

सोप्या गोष्टी पटापट सांगून टाकते, त्या तुम्हाला माहीतच आहेत. घर पाहायचं तर मे महिन्यात पाहा, दुपारी बारानंतर जा, बोअरला पाणी किती येते तेही कळते आणि स्लॅब किती तापतो तेही. कूलर लावायला हवा खेळेल अशी खिडकी आहे का ते पाहा. काळ्या मातीतलं घर असेल तर पाया मुरमापर्यंत नेला का ते विचारा, कारण ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरप्या भेगा पाडते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर आधी विहिरीचं पाणी तोंडात घेऊन पाहा. झालं.

आता घर कसं पाहिजे, तर तुम्ही जगता कसे त्यावर आहे. माझ्या माहेरी दारव्ह्याकडे दिवाळीपासून कापूस घरात यायचा आणि भाव वाढेल म्हणून फेब्रुवारीपर्यंत समोरच्या खोलीत छताला लागेल इतका पडून राहायचा, आम्ही भावंडं त्याच्याच बाजूला झोपायचो आणि रात्रभर अंग खाजवायचो, आई सकाळी खोबरेल तेल लावून द्यायची. ज्याच्या घरी असा माल येतो, दोन बैलं आहेत, कुटार ठेवायला जागा लागते, त्यानं शहरातल्यासारखं दोन बेडरूमचं घर पाहू नये. त्याला सांदवाडी पाहिजे, बैलगाडी, नाही तर ट्रॅक्टर वळेल एवढं आंगण पाहिजे आणि मालासाठी वेगळी खोली पाहिजे. आणि ज्याची नोकरी तालुक्याला आहे, पोरं तिकडेच शाळेत आहेत, त्यानं फक्त स्वस्त भेटते म्हणून बारा किलोमीटर आत गावात घेऊ नये, रोजचं पेट्रोल आणि पावसाळ्यातला नाला दोन्ही डोक्यात ठेवा.

हं, आता आठ नंबर.

नमुना आठ हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे. कर. टॅक्स. ग्रामपंचायतीला घरटॅक्स कोणाकडून घ्यायचा हे त्या रजिस्टरमधून कळते. जागा कोणाची हे ठरवायचं काम ग्रामपंचायतीचं नाहीच. सरकारी जागेवर अतिक्रमण करून बांधलेल्या घराचीही तिथे नोंद असते आणि टॅक्स घेतला जाते, मग ती जागा त्याची झाली का? लाईट बिल तुमच्या नावानं येते म्हणून घर तुमचं होत नाही ना, तसंच.

एका दादानं लिहिलं, "ताई, आमच्या गावात सगळे असेच घेतात, कोणाचं काही झालं नाही." दादा, बाबांचंही अकरा वर्षं काही झालं नव्हतं. 2009 मध्ये बाबांनी शेजारचं घर घेतलं, स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. दोन महिन्यांत नमुना आठवर नाव चढलं. आई तो कागद पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवायची. 2020 मध्ये भावाला वरचा मजला बांधायला लोन पाहिजे होतं. बँकेतल्या बाईनं तो उतारा हातात घेतला, पेननं दोन रकाने दाखवले आणि म्हणाली, हे वाचलं का कधी? "मालकाचे नाव" या रकान्यात जुनाच माणूस होता. बाबांचं नाव "भोगवटा करणाऱ्याचे नाव", म्हणजे नुसतं घर वापरणाऱ्याचं नाव, या रकान्यात होतं. अकरा वर्षं टॅक्स भरला आणि तो रकाना घरात एकानंही वाचला नाही.

विकणारे काका तोपर्यंत वारले होते, जागा त्यांच्या वडिलांची, आणि त्यांना दोन बहिणी. मुलीचाही वाटा मुलाइतकाच असते, बहिणींचा तो हक्कच आहे, त्यांना मी कधीच दोष दिला नाही. एकीनं सही दिली, दुसरीनं तिच्या वाट्याचे पैसे मागितले. बाबांनी त्या वर्षीची अख्खी तूर विकून दिले. एकच घर आम्ही दोनदा विकत घेतलं.

म्हणून परत सांगते. घर 100 रुपयांच्या वर किमतीचं असलं, म्हणजे प्रत्येकच घर, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झाल्याशिवाय मालकी तुमच्याकडे येत नाही. नोटरीवाला स्टॅम्प पहिले 100 चा होता, आता 500 चा आहे, त्यानं मालकीत काही फरक पडत नाही. रजिस्ट्रीचा खर्च वाचवायला लोक नोटरी करतात. अहो, नोंदणी फी 1 टक्का, तीही 30,000 च्या वर जात नाही, आणि घर बाईच्या नावानं घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, ती घ्या ना!

मग पाहायचं काय? जागा गावठाणात असेल, तुमच्याकडे आबादी म्हणत असतील, तर विचारा सनद, म्हणजे सरकारनं दिलेला मालकीचा कागद, आली का, प्रॉपर्टी कार्ड आहे का. एप्रिल 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, तिथून हे कार्ड निघते. जागा गावठाणाच्या बाहेर असेल तर सातबारा आणि फेरफार पाहा, वर्ग 2, म्हणजे सरकारी अटीची जमीन, असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका, आणि वारसात बहिणी किती ते मोजा. समृद्धीच्या इंटरचेंजजवळ लेआऊट म्हणून जे दाखवून राहिले, तिथे जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाल्याचा कागद स्वतः वाचा.

किमतीचं थोडं सांगते. गावातलं घर विकत घेणारा बहुतेक गावातलाच असते, म्हणून नंतर विकून नफा काढू हा विचार धरू नका, राहायलाच घ्या. दिवाळीनंतर हातात पैसा खेळते तेव्हा विकणारा ताठ असते, मे-जूनमध्ये बी-बियाण्याला पैसे लागतात तेव्हा तो बोलायला बसते. पण त्याची अडचण पाहून फार पाडून मागू नका, उद्या त्याच गल्लीत राहायचं आहे.

एक शेवटची कमेंट. "ताई, सोमवारी विसार द्यायचा ठरला, 50,000." दादा, सोमवारी देऊ नका. सकाळी तालुक्याला भूमी अभिलेखमध्ये जा, कार्डाची नक्कल काढा, मग त्या माणसाच्या घरी जाऊन चहा घ्या आणि त्याला विचारा, बहिणी कुठे दिल्या. नक्कल हातात आली की मला कमेंटमध्ये सांगा त्यात नाव कोणाचं निघालं.