जाम झालेला ड्रम

गोव्यात डिचोलीतलं हे एक छोटं गॅरेज, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, त्यामुळे पावसाळाभर घरापुढे उभ्या असलेल्या गाड्या आता एकेक करून इथे येतायत. ही त्यातलीच एक. हँडब्रेक ओढून ठेवलेली, आणि आता सोडला तरी मागचं डावं चाक हलत नाय. किनाऱ्याकडच्या गाड्यांना खारी हवा खाते, इथे नुसता पाऊस पुरतो.

मालकाचं एकच, हातोडी घाला. मेकॅनिक ऐकत नाय. गाडी गियरमध्ये, पुढच्या चाकांना दगड, मागची बाजू उचलून खाली स्टँड (नुसत्या जॅकवर काम करणारे पण असतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं), मग चाक काढतो आणि आधी ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल भांडं) हाताने फिरवून बघतो. सगळी गोम इथेच आहे. ड्रम फिरतच नसेल तर आत लायनरने (ब्रेक लागताना ड्रमला आतून घासणारा थर) धरलाय, फिरतो पण जागचा सुटत नाय तर हबला (ड्रम ज्यावर बसतो तो मधला भाग) गंज बसलाय, आणि थोडा बाहेर येऊन अडकला तर झिजून आत जी कड उठलीय तिला शू (लायनर ज्यांच्यावर असतो त्या वाकड्या पट्ट्या) अडतायत.

हा फिरतच नाय. म्हणून आधी गाडीच्या आतून हँडब्रेकची केबल ढिली केली, काय फरक नाय, म्हणजे लायनर गंजून ड्रमला चिकटलेत. आता हातोडी निघते, पण हलकी, आणि ड्रमच्या अंगावर गोल फिरत टक टक, काठावर नाय कारण ड्रम बिडाचा असतो, काठ तुटला की गेला. बऱ्याच वेळाने चिकटलेलं सुटलं, ड्रम फिरला.

पण बाहेर येईना. हबभोवती गंज सोडवायचं तेल मारलं आणि चहा घेतला, तेलाला वेळ द्यावाच लागतो. या ड्रमवर आट्याची दोन भोकं आहेत, त्यात ८ एमएमचे बोल्ट लावून एकदा इकडे थोडा, एकदा तिकडे थोडा असं आवळत जायचं, बोल्ट हबला टेकून ड्रमला बाहेर काढतात, एकच बाजू ओढली तर ड्रम तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. सगळ्या गाड्यांना ही सोय नसते हां, काहींचा ड्रम बेअरिंगसकट येतो, तिथे आधी मधला नट काढायचा.

ड्रम थोडा सरकला आणि परत अडला. ही कड. ड्रममागच्या प्लेटचा रबरी बूच काढून आत स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि अ‍ॅडजस्टरचं (शू आत-बाहेर करणारा भाग) दातेरी चाक उलटं फिरवायचं, पण त्याला अडवणारी पट्टी दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरावी लागते, नायतर ते उलटं फिरतच नाय. शू आत गेले आणि ड्रम हातात आला.

आतला काळा भुगा हवेने उडवायचा नाय, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने धुतला. शू ढकलणारा सिलिंडर कोरडा आहे, म्हणजे ब्रेकचं तेल गळत नाय, केबल मात्र गंजलीय, ती बदलणार, आणि लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलतात, म्हणून आता उजवं चाक.